रबराचा कैवारी हेन्री रिडले

आमच्या बारामती-इंदापूर भागात उसाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे कारखान्याच्या वाटेवर टायरच्या बैलगाड्यांची रांग लागते. बाभळीच्या लाकडाचे, लोखंडी धाव चढविलेले जुने चाक मागे पडून त्याच्या जागी रबराचे चाक आले, तेणेकरून बैलांचे कष्ट किती हलके झाले हे एखाद्या गाडीवानासच विचारावे. विद्यार्थ्यांची सायकल, त्यांच्या दप्तरातील खोडरबर, डॉक्टरांच्या कानांस लावावयाची नळी, मैदानावरील चेंडू, ह्या सर्वांचा मूळ पुरुष म्हणजे एका झाडाचा चीक होय. सांप्रत कारखान्यात रसायनांपासून केलेले कृत्रिम रबरही पुष्कळ खपते. तथापि जड वाहनांच्या व विमानांच्या टायरांस अद्यापि झाडाच्या रबरावाचून चालत नाही. असे हे झाड रानातून उचलून शेतात आणण्याचे श्रेय ज्या एका माणसास बव्हंशी द्यावे लागते, त्याचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. त्याचे नाव हेन्री निकोलस रिडले.

प्रथम झाडाविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. पुष्कळांच्या अंगणात अथवा कुंडीत जाड, तकतकीत पानांचे एक झाड असते आणि त्यास आपण रबराचे झाड म्हणतो. ते वडा-पिंपळाच्या जातीतले असून त्याच्या चिकापासून रबर होते खरे. परंतु बाजारातील रबर त्याचे नव्हे. बाजारातील रबराचे झाड दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या अफाट अरण्यातले. ते आपल्या एरंडाच्या कुळातले असून त्याच्या पानास बेलाप्रमाणे तीन-तीन दळे असतात. ते सरळ उंच वाढते. ब्राझीलमधील पारा बंदरातून हा माल परदेशी जाई, म्हणून त्यास पारा रबर असे नाव पडले. ह्या झाडास उष्णता हवी, आणि पाऊस ऐंशी इंचांच्या आसपास व तोही वर्षभर वाटून हवा. आमच्याकडे सारा मिळून वीस इंच पाऊस पडला तरी शेतकरी समाधान मानतो! तेव्हा नीरेच्या कालव्याने आमच्या जिराईत रानात ऊस उभा केला, तरी रबराचे झाड येथे कोणी पाहिले नसल्यास नवल नाही.

रिडले ह्यांचा जन्म १० डिसेंबर १८५५ रोजी इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातील वेस्ट हार्लिंग नावाच्या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. लहानपणापासून मुलाला किडे, पाखरे, रानफुले ह्यांचा नाद. हेलीबरी येथील शाळेतून तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्झिटर कॉलेजात गेला आणि १८७७ साली सृष्टिशास्त्र हा विषय घेऊन पदवीधर झाला. परीक्षेत त्याने पहिला वर्ग मिळविला नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितो, कारण आमच्याकडे निकालाच्या दिवशी घरोघर जी अवकळा पसरते ती पाहून आम्हास नेहमी वाईट वाटते. १८८० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वनस्पतिविभागात रिडले ह्यांस जागा मिळाली. तेथे वाळविलेल्या वनस्पतींचे नमुने लावणे, ओळखणे, त्यांची वर्णने लिहिणे असे काम त्यांनी आठ वर्षे केले. मध्यंतरी १८८७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या फर्नांदो द नोरोन्या ह्या बेटावर जाऊन तेथील वनस्पती व प्राणी गोळा करण्याचा योग त्यांस आला. उष्ण प्रदेशाची गोडी त्यांस लागली ती अशी. पुढल्याच वर्षी सिंगापूर, मलाक्का व पेनांग मिळून जी इंग्रजांची वसाहत होती, तिच्या बागा व जंगले ह्यांवरील मुख्य अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १८८८ च्या अखेरीस ते सिंगापुरास उतरले. वय तेहेतीस पुरे होत आले होते. ह्यानंतरची तेवीस-चोवीस वर्षे त्यांनी त्याच ठिकाणी घालविली.

ते तेथे जाण्यापूर्वी रबराच्या बियांचा एक मोठा प्रवास होऊन चुकला होता. १८७६ साली हेन्री विकम नावाच्या इंग्रजाने ॲमेझॉनच्या तापाजोस ह्या उपनदीच्या काठावरून सुमारे ७०,००० बिया जमवून जहाजाने लंडनजवळील क्यू येथील सरकारी उद्यानात पोचविल्या. ह्या बियांत तेल फार. त्या थोड्याच आठवड्यांत मरतात. सत्तर हजारांपैकी दोन हजार सातशेच्या आसपास तेवढ्या रुजल्या. त्या रोपांतील बहुतेक काचेच्या पेट्यांत घालून सिलोनला पाठविण्यात आली. आणि १८७७ साली अवघी बावीस रोपे सिंगापूरला पोचली. ब्राझीलचे लोक ह्या प्रकारास आजही चोरी म्हणतात. त्या काळी बिया बाहेर नेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती असे इंग्रज लेखक सांगत आले. आमच्या मते कायद्याने कोणी अडविले नाही एवढ्याने देवघेवीचा प्रश्न मिटत नाही. ज्या देशाचे ते झाड, त्या देशाच्या पदरात पुढे काय पडले हे पाहिले म्हणजे मनाला टोचल्यावाचून राहात नाही.

सिंगापूरच्या बागेत रिडले ह्यांस मूळच्या रोपांतली काही झाडे आणि त्यांच्या बियांपासून वाढलेली शेकडो रोपे गवता-झुडपांत गुदमरलेली आढळली. अकरा वर्षांत त्यांचा उपयोग कोणी केला नव्हता. चीक कसा काढावा हेच कोणास धड ठाऊक नव्हते. रिडले ह्यांनी पहिले काम केले ते भोवतालचे रान साफ करण्याचे.

आता ह्या चिकाची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण चरित्राचे सारे मर्म येथे आहे. रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो, तो वाचकांस माहीत आहे. रबराच्या झाडाचा चीक सालीतील बारीक नळ्यांतून असतो. साल आणि लाकूड ह्यांच्या मधे एक अत्यंत पातळ, जिवंत पापुद्रा असतो. झाडाची नवी साल आणि नवे लाकूड हाच पापुद्रा तयार करितो. चीक मिळवावयाचा तर साल कापली पाहिजे; परंतु सुरी त्या पापुद्र्यास लागली की जखम भरून येत नाही, गाठी पडतात, किडीस वाट मिळते आणि झाड कामातून जाते. ॲमेझॉनच्या अरण्यातील लोक कुऱ्हाडीने खोडावर घाव घालीत. घाव आत लाकडापर्यंत जात आणि काही वर्षांनी खोड असे विद्रूप होई की त्यातून पुढे चीक काढणे अशक्य. दुसऱ्या एका जातीचे झाड तर सबंध तोडूनच त्याचा चीक घेत. अरण्य अपार आहे, एक झाड गेले तर दुसरे आहे, असा तो हिशेब होता.

रिडले ह्यांनी १८८९ पासून आपल्या बागेतील झाडांवर प्रयोग आरंभिले. कुऱ्हाड टाकून त्यांनी तीक्ष्ण सुरी घेतली. खोडावर एक उभी पन्हळ आणि तिला दोहों बाजूंनी तिरक्या रेषा, जसा मासळीचा काटा, अशी आकृती त्यांनी कोरली. सुरी सालीत जाई, परंतु त्या जिवंत पापुद्र्याच्या अलीकडे केसभर थांबे. मग त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. दुसऱ्या खेपेस नवीन ठिकाणी घाव न घालता त्याच रेषेची खालची कड कागदासारखी पातळ तासली, तर चीक पहिल्यापेक्षा अधिक येई. तिसऱ्या-चौथ्या खेपेस आणखी अधिक. जणू झाड त्या जागेकडे आपला चीक पाठवू लागले होते. गाय रोज त्याच वेळी पिळली म्हणजे जशी पान्हावते तसा हा प्रकार; आणि पिळणाराने सडास इजा करू नये ही अटही दोहोंकडे सारखीच. कापून झालेल्या भागावर मागाहून नवी साल येते व काही वर्षांनी तीही पुनः कापता येते. ह्या रीतीने सहा-सात वर्षांचे झालेले झाड पुढे पंचवीस-तीस वर्षांचे होईपर्यंत चीक देत राहते.

आजही मळ्यातील मजूर हेच काम करितात. मासळीच्या काट्याऐवजी अर्ध्या खोडाभोवती एकच तिरकी रेषा काढण्याचा प्रघात पडला, एवढाच फरक. काम पहाटे होते. ऊन चढण्यापूर्वी झाडात रसाचा जोर अधिक असतो. दिवस वर आला की तो उतरतो. रेषेच्या टोकाशी पत्र्याची लहानशी पन्हळ व तिच्याखाली नारळाची करवंटी अथवा वाटी बांधलेली असते. दोन-तीन तासांत चीक गळून थांबतो. त्यात वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा रबर असते. दुधात विरजण घालावे तसे त्यात थोडे आम्ल घातले की तो गोठतो, मग लाटून त्याच्या पट्ट्या करितात आणि धुरावर वाळवितात.

बियांचाही प्रश्न रिडले ह्यांनी सोडविला. ओलसर केलेल्या कोळशाच्या भुकटीत बिया डब्यातून भरल्या तर त्या दूरच्या प्रवासात जिवंत राहतात असे त्यांनी दाखविले. १८९१ साली त्यांनी मलायातील शेतीविषयक एक पत्रिका काढली आणि तीतून रबराची माहिती देण्याचा सपाटा लाविला.

परंतु घेणार कोण? मलायातील गोरे मळेवाले कॉफीच्या मागे होते. कॉफीस भाव चांगला होता, झाड तीन-चार वर्षांत फळते, आणि हा गृहस्थ सात वर्षे वाट पाहा म्हणून सांगतो! जो भेटेल त्याच्यापाशी रिडले रबराचा विषय काढीत. मेजवानीस गेले तरी खिशात बिया असत आणि दुसऱ्याच्या खिशात त्या घातल्यावाचून ते परत फिरत नसत, असे सांगतात. लोक त्यांस टाळू लागले. वेडा रिडले असे टोपणनाव पडले, ते त्यांच्या पाठीमागेच नव्हे तर तोंडासमोरही चाले. वरिष्ठांसही हा नाद आवडेना; वनाधिकाऱ्याने वनाकडे पाहावे, परदेशी झाडाच्या मागे सरकारी वेळ दवडू नये, असा त्यांचा रोख होता. ह्या काळातील त्यांची स्थिती आम्ही मनाशी आणून पाहतो. घरापासून हजारो कोस दूर, ज्याचा माल घ्यावयास कोणी नाही अशा झाडाची सेवा करीत, एकाने अशी सात-आठ वर्षे काढावयाची. हट्ट आणि निष्ठा ह्यांत अंतर किती, हे अशा वेळी बाहेरच्यास सांगता येत नाही. पुढे यश आले म्हणून आपण निष्ठा म्हणतो.

पहिला मोठा मनुष्य जो त्यांच्या शब्दावर विसंबला तो गोरा नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मलाक्का येथील चिनी घराण्यातला तान चे यान नावाचा तरुण व्यापारी होता. त्याने १८९६ साली बुकित लिन्तांग येथे सुमारे चाळीस एकरांवर रबर लाविले आणि थोड्याच काळात बुकित असाहान येथे त्याहून कितीतरी मोठा मळा उभा केला. त्या वेळी त्याचे वय अवघे सव्वीस. ह्याच सुमारास सेलांगोर प्रांतातील किंडर्सली बंधूंनीही काही रोपे लाविली. इतक्यात कॉफीवर संकट ओढवले. ब्राझीलमध्ये कॉफीचे अमाप पीक येऊन भाव कोसळले आणि मलायात झाडांस कीड लागली. मळेवाल्यांचे डोळे उघडले. इकडे १८८८ सालीच डन्लप ह्याने हवा भरलेल्या टायराची युक्ती काढली होती; सायकली रस्त्यावर आल्या, त्यांच्या मागोमाग मोटारी आल्या, आणि रबर पुरेनासे झाले. १९१० साली लंडनच्या बाजारात एका रतलास बारा शिलिंगांच्यावर भाव गेला. ज्यांनी रिडले ह्यांच्या बिया खिडकीबाहेर फेकल्या होत्या त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, ती वाचकांनीच कल्पावी! १९१४ च्या सुमारास मळ्यांतील रबराने रानच्या रबरास मागे टाकिले, आणि १९२० च्या सुमारास जगातील निम्मे रबर एकट्या मलायातून येऊ लागले.

रिडले ह्यांनी ह्यातून पैसा केला नाही. स्वतःचा मळा काढला असता तर ते कोट्यधीश होते. ते पगारी अधिकारी राहिले.

येथपर्यंत वाचून हे चरित्र सर्वस्वी मंगल आहे असे कोणास वाटेल, तर तसे नाही, आणि ते सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. रानच्या रबराचा इतिहास रक्ताने भरलेला आहे. आफ्रिकेतील कॉंगो देश बेल्जमचा राजा लिओपोल्ड ह्याच्या खाजगी ताब्यात १८८५ पासून १९०८ पर्यंत होता. रबराच्या वेलींचा चीक ठरल्या वजनाने आणून दिला नाही म्हणून तेथील गरीब लोकांचे जे हाल झाले, ते लहान वाचकांपुढे मांडण्याजोगे नाहीत. ॲमेझॉनच्या पुतुमायो खोऱ्यातही तसेच घडले आणि १९१२ च्या सुमारास ते जगजाहीर झाले. मळ्यांतील रबर स्वस्त झाले तेव्हा ह्या लुटीतला नफा आटला, हा रिडले ह्यांच्या सुरीचा एक न बोललेला परिणाम म्हणता येईल. पण मळ्यांचेही आपले पाप आहे. ते चालविण्यासाठी आपल्याकडील, मुख्यतः तमिळ प्रांतातील, हजारो मजूर करारावर समुद्रापलीकडे नेण्यात आले. नवे मळे तोडताना हिवतापाने त्यांतले कित्येक मेले. ती कराराची पद्धत १९१० साली बंद झाली. आणि रबरासाठी मलायातील जे मूळ अरण्य साफ झाले ते कायमचे गेले. ज्या अरण्यातील झाडाझाडाची नोंद रिडले ह्यांनी पायी हिंडून केली, त्याचाच मोठा भाग त्यांनी वाढविलेल्या पिकाने गिळला. ह्या विसंगतीतून त्यांस सोडविण्याचा प्रयत्न आम्ही करीत नाही.

वस्तुतः झाड मारून माल घेण्याचा परिणाम काय होतो हे सिंगापुराने डोळ्यांनी पाहिले होते. गटापर्चा म्हणून एक चीक असतो. समुद्राच्या तळाशी टाकावयाच्या तारायंत्राच्या तारा मढविण्यास त्याच्यासारखा दुसरा पदार्थ त्या काळी नव्हता. १८४३ साली सिंगापुरातून त्याचे नमुने लंडनला गेले, १८५१ साली इंग्लंड-फ्रान्समधील समुद्रात तार पडली, आणि पाहता पाहता मागणी आकाशास भिडली. हा चीक काढण्यासाठी झाड आडवे पाडीत. आणि एवढ्या मोठ्या वृक्षापासून मिळे काय, तर थोडासा गोळा. काही वर्षांतच सिंगापूर बेटावर हे झाड औषधालाही सापडेना. बुकित तिमा येथील उरलेसुरले राखीव रान रिडले ह्यांच्या देखरेखीखाली आले, तेव्हा तेथे काय होते आणि काय नाहीसे झाले हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? जिवंत झाडापासून चीक घेण्याचा त्यांचा ध्यास ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

रबर हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग. त्यांचा खरा जीव वनस्पतिशास्त्रावर होता. सुमात्रा, बोर्निओ, ख्रिसमस बेट, मलायाचे डोंगर अशा दूरदूरच्या ठिकाणी ते नमुन्यांसाठी हिंडले. १८९३ साली सिंगापुरातील ॲग्नेस जोआकिम ह्या आर्मेनियन बाईंच्या बागेत उमललेल्या एका संकरित आमरीचे वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले आणि फुलास त्या बाईंचे नाव दिले. तेच फूल १९८१ साली सिंगापूर देशाचे राष्ट्रीय फूल ठरले. १९०७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. १९१२ साली ते नोकरी सोडून इंग्लंडला परतले आणि क्यू उद्यानाशेजारीच घर करून राहिले. निवृत्ती म्हणजे आरामखुर्ची, अशी आपल्याकडील समजूत आहे. रिडले ह्यांनी निवृत्तीनंतर मलायाच्या वनस्पतींवरील पाच खंड लिहिले, ते १९२२ ते १९२५ ह्या काळात बाहेर पडले. आणि १९३० साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, झाडांची बीजे वारा, पाणी, पक्षी व प्राणी ह्यांच्या योगाने जगभर कशी पसरतात ह्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. रबराचे फळ वाळले की फटाक्यासारखे तडकते आणि बिया दूर उडतात. अशा असंख्य गमतींचा तो साठा आहे. वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांनी लग्न केले, हे सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

ब्राझीलचे पुढे काय झाले? १९२० नंतरच्या दशकात मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड ह्याने त्याच तापाजोस नदीच्या काठी रबराचे प्रचंड मळे वसविण्याचा घाट घातला. झाडे दाटीने लाविताच पानांवरील एका बुरशीने ती खाऊन टाकली. १९४५ साली त्याने तो नाद सोडला. ती बुरशी दक्षिण अमेरिकेतली. विकमच्या बियांबरोबर ती आशियात आली नाही, म्हणून मलायाचे मळे वाचले. ती आजही इकडे येऊ नये म्हणून फार दक्षता घ्यावी लागते.

आता लाकडाविषयी. चीक देऊन थकलेले झाड पंचवीस-तीस वर्षांनी तोडतात व त्या जागी नवे लाविले जाते. ह्या तोडलेल्या लाकडाचे कित्येक वर्षे कोणास मोल वाटले नाही. रबराच्या पट्ट्या धुरविण्याच्या भट्टीत आणि विटांच्या आव्यात ते जाई. आपल्या केरळात पेट्या व आगकाड्या करण्याकडेही ते लागे. कारण असे की, त्यात साखर व पिष्ट फार. झाड पडल्यावर थोड्याच दिवसांत लाकूड बुरशीने निळे पडते आणि भुंगा त्यास पोखरतो. १९७० नंतरच्या काळात मलेशिया, थायलंड इत्यादी देशांत ह्यावर उपाय रूढ झाला : झाड पाडताच विलंब न लाविता फळ्या कापावयाच्या, टाकणखारातील बोरॉनाची लवणे दाबाने आत भरावयाची आणि मग भट्टीत सुकवावयाच्या. असे केलेले लाकूड फिकट पिवळसर, एकसारख्या पोताचे, सहसा सल न निघणारे होते. लहान मुलाच्या हाती द्यावयास आणखी काय हवे? थायलंडच्या दक्षिणेस त्रांग प्रांतात १९८१ सालापासून ह्या लाकडाची खेळणी होऊ लागली, ठोकळे, गाड्या, ओढावयाची जनावरे. आणि ती जगभर जातात. भुसासुद्धा दाबून त्याचे ठोकळे करितात. ह्या खेळण्यासाठी अरण्यातले झाड पडत नाही. जे झाड चीक देऊन निवृत्त झाले, ज्याच्या जागी दुसरे उभे राहणारच आहे, त्याचे हे लाकूड. आणि येथेच रिडले ह्यांच्या सुरीचा दुसरा, त्यांच्या ध्यानीमनी नसलेला लाभ दिसतो. कुऱ्हाडीच्या घावांनी गाठाळलेल्या खोडातून चांगली फळी निघती ना. वर्षानुवर्षे साल तासूनही आतले लाकूड अबाधित राहिले, ते पापुद्र्याच्या अलीकडे थांबणाऱ्या हातामुळे.

आमच्या बारामतीकडे मुलाने पाऊल टाकावयास शिकावे म्हणून सुताराकडून पांगुळगाडा करून घेत. भोवरा, विटीदांडू, बेंदराचे बैल हीही घरच्याच लाकडाची वा मातीची. तळकोकणात सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत. ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडावर रंग चढवून करितात. त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गाकडे अलीकडच्या काळात रबराची लागवड झाली आहे. पालघर जिल्ह्यातील दापचरी येथे तर रबर मंडळाचे संशोधन केंद्र आहे. उत्तर कोकणातील कोरड्या उन्हाळ्यात हे झाड पाणी देऊन कसे तगते ह्याचा अभ्यास तेथे झाला. भारतात रबराचा पहिला व्यापारी मळा १९०२ साली केरळात पेरियार नदीच्या काठी निघाला, तेव्हा रिडले सिंगापुरातच होते. सावंतवाडीचा कारागीर आणि दोडामार्गाचा मळेवाला ह्यांची घरे शेजारच्या तालुक्यांत आहेत. तेथील झाडे म्हातारी होतील तेव्हा ती चुलीत जातात की चितारआळीत, हे पाहण्यासारखे आहे.

लाकडाचा हा नवा धंदा उभा राहिला तेव्हा रिडले हयात नव्हते. त्यांची अखेरची वर्षे मात्र उपेक्षेत गेली नाहीत. १९४२ साली सिंगापूर व मलाया जपानच्या हाती पडले आणि इंग्लंड-अमेरिकेस रबराचा दुष्काळ पडला, तेव्हा त्या झाडाची किंमत साऱ्या जगास कळली. ते वृत्त त्यांनी क्यूच्या घरी बसून ऐकिले. १९५० साली लिनीयन सोसायटीने त्यांस आपले सुवर्णपदक दिले. १० डिसेंबर १९५५ रोजी त्यांस शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या प्रसंगी मलायातून सन्मान व अभीष्टचिंतन त्यांच्या दारी आले. दृष्टी व पाय थकले होते. पुढल्या वर्षी, २४ ऑक्टोबर १९५६ रोजी, क्यू येथे त्यांचा अंत झाला. ज्या बागेत त्यांनी गवतातून रबराची रोपे मोकळी केली, ती सिंगापूरची बाग २०१५ साली जागतिक वारसास्थळांत गणली गेली.